कणगीच्या पोटातल्या तेरा खुणा

माझ्या पोटात सध्या तीन करडं झोपतात. रात्रभर ती माझ्या कडा कुरतडतात आणि सकाळी माझ्याच अंगावर लेंड्या टाकून उड्या मारत बाहेर पळतात. मित्रांनो, हसू नका. मी एक जुनी कणगी आहे. एके काळी माझ्या पोटात वर्षभराचं आंबेमोहोर भात मावत असे आणि चुकून मला पाय लागला तर घरची माणसं वाकून नमस्कार करीत.

आता मी अर्धीच उरले आहे. माझी गोष्ट सांगते म्हणते खरी, पण ती माझ्यापेक्षा पारूचीच जास्त आहे. पारूनं मला विणलं. आणि माझ्याच पोटात जे दडलं होतं, त्याच्यापायी तिच्या नावाला चोर हा शब्द चिकटला.

माझा जन्म मुठा खोऱ्यातल्या एका गावात, कोंडाजीच्या माजघरात झाला. हो, माजघरातच. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी. कोंडाजीच्या घराचं दार बुटकं आणि त्याच्या आईला, धोंडाबाईला, कणगी हवी होती डोक्यापेक्षा हातभर उंच. बाहेर विणली तर ती दारातून आत कशी येणार? म्हणून डोंगरावरच्या वाडीतला बुधा ओसरीवर बसून बांबूच्या कामट्या तासायचा आणि त्याची बायको पारू आत बसून विणायची. एरवी वाडीच्या माणसांना ओसरीपुढे पाऊल टाकायची मुभा नव्हती. माझ्या मोठ्या पोटामुळं पारूला ती मिळाली.

पारू बुटकी होती, सडपातळ होती आणि विणताना सारखी बोलायची. नवऱ्याशी नव्हे, माझ्याशी. कामटी सरळ बसली नाही तर मला रागवायची. बोट कापलं की त्यावर चिंधी बांधायची आणि पुन्हा विणायला लागायची. पाचव्या दिवशी तिनं माझा काठ आवळून बांधला, पोटावर दोन थापा मारल्या आणि म्हणाली, “लई खा गं बाय. आन पोटात घालतील ती जपून ठिव, सांडू नगंस.”

तिचं ते बोलणं मी शब्दशः पाळलं. पाळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

मग धोंडाबाईनं मला आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलं. वरच्या तोंडाला झाकण आलं. खाली भात काढायला एक भोक ठेवलं होतं, त्यात चिंध्यांचा बोळा बसला. दिवाळी झाली की खळ्यातलं नवं भात माझ्यात पडायचं. त्याचा वास घरभर सुटायचा आणि पाहुणे म्हणायचे, “काय कनगी हाय, वा!” मी मनात फुगायचे. धोंडाबाई येता-जाता बोटाच्या पेरानं मला ठोकायची आणि आवाजावरून भात किती उरलं ते सांगायची. तिची सून रत्नाबाई तेव्हा कोवळी होती. ती खालचा बोळा काढायला घाबरायची, कारण एकदा भाताबरोबर उंदीरही तिच्या सुपात आला होता. उंदरांशी माझं कधीच पटलं नाही.

माझ्या समोरच्या भिंतीत देव्हारा होता. त्यात पितळेचा एक गडवा आणि गडव्यात तेरा नाणी. अकरा राणीछाप चांदीचे रुपये आणि दोन सोन्याच्या पुतळ्या. ती सगळी नाणी धोंडाबाईच्या आईनं तिला लग्नात दिली होती, आणि त्या आईला तिच्या आईनं. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, ती नाणी बाहेर निघत. धोंडाबाई ती दुधानं धुवायची, तांदळाच्या राशीवर मांडायची, हळदकुंकू वाहायची आणि दुसऱ्या दिवशी गडव्यात परत ठेवायची. घरात कितीही ओढ झाली तरी ती मोडायची नाहीत, असा तिचा हुकूम होता. कोंडाजीनं तो कधी मोडला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

माझ्या सहाव्या वर्षी उंदरांनी माझं बूड कुरतडलं. दसरा झाला होता, शेतं पिवळी पडत होती, नवं भात यायला महिना होता. रत्नाबाईनं वाडीवर निरोप धाडला आणि पारू कामट्या घेऊन आली. मला माजघरातच आडवं केलं आणि ती आत शिरून बूड सांधू लागली. “जाडी झालीस गं,” ती मला म्हणाली. सहा वर्षांनी भेटूनही तिला माझ्यातली पहिली चूक नेमकी आठवत होती. दुसऱ्या पट्ट्यातली एक कामटी तिनं उलटी घातली होती. तिच्यावरून तिनं बोट फिरवलं आणि स्वतःशीच हसली.

त्या दिवसांत खोऱ्यात चोरांची हाकाटी होती. उरवड्याच्या बाजूला दोन घरं फुटली होती. दुपारी सगळे शेतात होते. धोंडाबाईनं पारूला भाकरी दिली आणि ओट्यावर खायला बसवलं. मग माजघराचं दार लोटून घेऊन ती गडवा घेऊन माझ्यापाशी आली. मी आडवीच होते. तिनं हात लांब करून माझ्या आतल्या बाजूला, बुडापासून वीतभर वर, ओल्या लिंपणात एकेक नाणं दाबून बसवलं. तेरा वेळा मला गार लागलं. मग तिनं वरून शेणमातीचे दोन हात दिले आणि खुशीत म्हणाली, “आता हितं कोन हात घालतंय बघू!”

पारू भाकरी खाऊन आत आली तेव्हा लिंपण झालेलं होतं.

“आक्का, तुमी कशापायी हात घान केलं? मी सारवलं असतं की.”

“असू दे गं पारे. माझ्या लक्षुमीला मीच सारवनार.”

पारूला अर्धी पायली तांदूळ आणि एक जुनं लुगडं मिळालं. ती खुशीत डोंगर चढून गेली. धोंडाबाईनं नाण्यांचं कुणाला सांगितलं नाही. दिवाळीत सांगेन, असं तिच्या मनात असावं. घरच्यांना जरा चकवायची तिला हौस होती.

पाचव्या दिवशी विहिरीवरून येताना धोंडाबाई उंबऱ्यातच कोसळली. तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि जीभ जड झाली. तिला माजघरात माझ्यासमोर घोंगडीवर निजवलं. ती मला बघायची आणि मी तिला. बोलायची दोघींची पंचाईत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिवेलागणीला कोंडाजीनं देव्हाऱ्यातला गडवा उचलला. तो हलका लागला. त्यानं तो उपडा केला. एक झुरळ तेवढं पडलं.

“रत्ना, नानी कुटं हायेत?”

“गडव्यातच असतील की.”

“न्हाईत. घरात भायेरचं कोन आलतं?”

रत्नाबाईच्या हातात तांदळाचं ताट होतं. ती जरा विचार करून म्हणाली, “पारूच आलती की. कनगी सांधायला.” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. विचारलं त्याचं उत्तर तिनं दिलं. पण ते वाक्य त्या घरात कायमचं मुक्कामाला राहिलं.

धोंडाबाईनं ते ऐकलं. तिनं डावा हात उचलला आणि माझ्याकडे केला. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. पुन्हा हात केला. कोंडाजी म्हणाला, “आयेला भूक लागली जनू. भात मागतीया.” रत्नाबाई धावत गेली आणि मऊ भात करून घेऊन आली. म्हातारीनं तोंड फिरवलं. घास ओठाशी नेला तर तो थुंकला आणि ढसाढसा रडू लागली. तेव्हा कोंडाजीचेही डोळे भरले. तो म्हणाला, “तिच्या आईची नानी गेली. रडंल न्हाई तर काय करंल?”

मित्रांनो, मला वर एक तोंड आणि खाली एक. दोन तोंडं असून मला एक शब्द बोलता आला नाही. त्या दिवशी मला माझ्या जन्माचा राग आला.

पाडव्याला बुधा आणि पारू ओसरीखाली उभे राहिले. आतून मला त्यांचे आवाज येत होते.

“पारू, खरं बोल,” कोंडाजी म्हणाला. “चावडीवर न्यायला लावू नगंस.”

“दादा, मी तुमच्या कनगीला हात लावला, देवाला न्हाई. आक्कांनी भाकर दिली ती ओट्यावर बसून खाल्ली. आक्कांनाच इचारा.”

“तिला इचारायचं आता? तिची जीभ गेली म्हून तिचं नाव घेतीस व्हय?”

“मंग मी कुनाचं नाव घिऊ?” पारूचा आवाज फुटला. “तवा घरात दोघीच व्हतो.”

प्रकरण चावडीवर गेलं. मी घराबाहेर कधी पडले नव्हते, तेव्हा पुढचं ऐकलेलं सांगते. गावचे पाटील हैबतराव म्हणाले, भैरोबासमोर बेलभंडारा उचलू दे. आमच्याकडे ही शेवटची शपथ. देवाचा बेल आणि भंडारा हातात घेऊन माणसानं खरं सांगायचं. नऊ दिवसांत त्याच्या घरी काही वाईट घडलं नाही तर तो सुटला. घडलं तर देवानं निवाडा दिला, असं धरायचं.

पारूनं न डगमगता बेलभंडारा उचलला. म्हणे ती एवढ्या मोठ्यानं बोलली की शिवारातली माणसं थांबून बघायला लागली. “मी नानी बघितली न्हाईत, घेतली न्हाईत. खोटं बोलत आसंन तर माजं वाटुळं व्हईल.” पाच दिवस गेले. वाडीवर सगळे तिच्या दारातलं माणूस न् माणूस मोजत होते.

सहाव्या दिवशी बिबट्यानं तिची गाभण शेळी नेली.

जंगलाला लागून वाडी आहे. तिथं दर हिवाळ्यात बिबट्या कुणाची ना कुणाची शेळी नेतोच. हे गावात पोराटोरांनाही माहीत होतं. पण त्या वर्षी तो बिबट्या देवानं पाठवला, असं ठरलं. गावानं त्या सुगीला वाडीतल्या कुणाला कापणीला बोलावलं नाही. पारू बाजाराच्या वाटेनं गेली की बायका लुगड्याच्या गाठी चाचपायच्या. पुढं पुढं तिनं खाली उतरणंच सोडलं. तिनं पुन्हा कधी कामटी हातात घेतली नाही, असं मी ऐकलं.

इकडे धोंडाबाईचं माझ्याकडे हात करणं थांबेना. मार्गशीर्षात तिचं फार झालं. तेव्हा सारजाबाई नावाची शेजारीण म्हणाली, “अगं, म्हातारीला धान्य दान करायचं आसंल. जीव त्यात आडकला आसंल.” मग तिचं अंथरूण माझ्याजवळ ओढलं, सुपात तांदूळ घेतले आणि तिचा हात त्यावर टेकवला. धोंडाबाईनं तो हात काढला आणि माझ्या अंगावर नखं रोवली. खरवडलं, पुन्हा खरवडलं. माझी वाळलेली माती तिच्या नखांत गेली. तेवढंच तिच्या हातून झालं. मी आतून तिची बोटं ओळखत होते आणि मध्ये फक्त कामट्या होत्या. संध्याकाळी ती गेली.

तिला आंघोळ घालताना रत्नाबाईनं तिची नखं एकेक करून स्वच्छ केली. ती माती कसली, असा प्रश्न तिला पडला नाही. कुणालाच पडला नाही.

त्यानंतरची वर्षं मी कशी काढली ते विचारू नका. दर दसऱ्यानंतर रत्नाबाई माझ्या आतून नवा हात द्यायची आणि नाणी आणखी खोल जायची. बाहेर नवे पैसे आले, आणे गेले, पौडाहून येणारी मोटार रोजची झाली. मी भात घेत होते आणि देत होते. माझ्या लिंपणाला भेगा पडू लागल्या होत्या. एखादी भेग खोल जाईल आणि काहीतरी चमकेल, एवढीच मी वाट बघायचे.

पुण्यात पूर आला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोंडाजीनं पत्र्याची कोठी आणली. ती चकचकीत होती. तिला उंदीर लागत नाही, लिंपावं लागत नाही. माझी कोणी समजूत घातली नाही. रत्नाबाई कोयता घेऊन आली, कारण पुरी कणगी त्या दारातून बाहेर निघणार नव्हती. तिनं मला मधोमध कापलं, वरची अर्धी चुलीच्या लाकडांत टाकली आणि खालच्या अर्धीला आडवं पाडलं. पडताना लिंपणाचे जाड पापुद्रे ढासळले.

रत्नाबाईचा हात थांबला. वाळल्या मातीत काळपट, गोल काहीतरी बसलेलं होतं. तिनं कोयत्याच्या टोकानं एक उकरून काढलं आणि पदरानं पुसलं. राणीचं तोंड वर आलं.

“अवो! हिकडं या! लवकर या!”

कोंडाजी आला. तेराच्या तेरा नाणी उकरून त्यानं हातावर घेतली, कपाळाला लावली, लहान मुलासारखा हसला. “आयेची नानी! घरातच व्हती!” रत्नाबाई मात्र मातीतल्या खळग्यांकडे बघत होती.

“आत्याबाई हेच दावत व्हत्या,” ती म्हणाली. “आमी भात घातला त्यांना. आवो, आमी त्यांना भात घातला!”

कोंडाजीचं हसू उतरलं.

“आन पारू?” रत्नाबाईनं विचारलं.

नाणी गडव्यात टाकत तो म्हणाला, “आता कशाला त्यो इषय? आठ-नऊ वरसं झाली. गाव इसारलं.”

रत्नाबाईनं त्याचं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा, असं मला वाटतं. तिनं वाडीवर निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी बुधा आला. त्याच्याबरोबर त्याची मुलगी भिमाबाई होती. बुधा आता वाकला होता. रत्नाबाईनं त्याला ओसरीवर न थांबवता माजघरात बोलावलं, पण तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“बुधाबाबा, पारूबाई न्हाई आल्या?”

“ती कुटली येतीया बाई,” बुधा म्हणाला. “तिला जाऊन दोन वरसं झाली.”

रत्नाबाईनं उंबऱ्यापाशी माझी फुटकी बाजू ओढत आणली आणि बोटानं खुणा दाखवल्या. नाणी उकरून काढलेल्या जागी तेरा गोल खळगे राहिले होते. काहींत राणीचं तोंड उलटं उमटलं होतं. बुधानं ते पाहिले. डोळे बारीक करून पुन्हा पाहिले. भिमाबाई तोंडावर पदर घेऊन रडू लागली.

कोंडाजी आतून दोन रुपये घेऊन आला, त्याच राणीछापांतले. “बुधा, चूक झाली. हे ठिव.”

बुधानं हात पुढे केला नाही. “दादा, मरताना तिनं मला एकच इचारलं. आपली शेळी खरंच देवानं नेली का वो, म्हनली. तिला सोताचीच शंका याया लागली व्हती.” मग त्यानं रुपयांचा हात मागं सारला. “पैसा नगं. चावडीवर तिला चोर म्हनला व्हता. चावडीवरच सांगा, तिनं न्हाई घेतलं म्हून. चार मानसांत. बास.”

कोंडाजीनं खाली बघितलं. अंगठ्यानं जमीन उकरली. “बघू,” तो म्हणाला. “सांगू कवातरी.”

बुधाला त्या ‘बघू’चा अर्थ कळला. त्यानं मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. “मंग ही अर्धी कनगी तरी द्या. तिनं इनलेली हाय.”

“ने की, ने!” कोंडाजी सुटल्यासारखा बोलला.

अशी मी चौदा वर्षांनी त्या बुटक्या दारातून बाहेर पडले, बुधाच्या डोक्यावरून. वाटेत त्याचं बोट माझ्या दुसऱ्या पट्ट्यातल्या उलट्या कामटीला लागलं. तो तिथंच थांबला आणि भर उन्हात रडला.

आता मी त्याच्या झोपडीत दाराशी आहे. भिमाबाई एकदा शेणमाती कालवून मला लिंपायला बसली, तर बुधानं तिचा हात धरला. “त्या खुना ऱ्हाऊ दे. येनाऱ्याजानाऱ्याला दिसू दे.” म्हणून खळग्यांची बाजू दाराकडे केलेली आहे. रत्नाबाई एकदा डोंगर चढून आली. माझ्यासमोर बसून प्रत्येक खळग्यात बोट घालून बघत राहिली आणि उतरून गेली. कोंडाजी अजून चावडीवर बोललेला नाही. दर लक्ष्मीपूजनाला तो ती नाणी दुधानं धुतो, असं कळतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण माझं जाऊ द्या, मी करडांना पुरेशी आहे. तुमच्या घरातली वस्तू हरवली तर आधी घर शोधा, मगच दारातल्या माणसाकडे बघा. आणि जे चार माणसांत बोललात, ते चुकलं तर चार माणसांतच मागे घ्या. त्या माणसाला ऐकू येतंय तोवर घ्या.

पोटातलं सांडू नकोस, असं पारूनं मला सांगितलं होतं. मी तिचं ऐकलं आणि तिचाच घात झाला. आता एवढं एक मात्र मी सांडते, आणि तुम्ही ते उचला. बुधा म्हातारा झाला आहे, त्याच्या कानावर ते एकदा पडलं पाहिजे. कोंडाजीनं म्हणायचं ते तुम्ही म्हणा, सगळ्यांनी मिळून, डोंगराखालच्या चावडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणा: पारूनं नाणी घेतली नव्हती.